जगावेगळी : पंडिता रमाबाई

रजेवर पुण्यास जाताना, दौंड मागे पडल्यावर, केडगाव नावाचे एक लहानसे स्टेशन आपल्यापैकी पुष्कळांनी आगगाडीच्या खिडकीतून पाहिले असेल. लांब पल्ल्याची गाडी तेथे सहसा थांबत नाही. घर जवळ आल्याच्या आनंदात वळकट्या आवरण्याची, मुलांना तोंडे धुवावयास लावण्याची घाई चाललेली असते. कोणी श्रद्धाळू माणूस नारायण महाराजांच्या बेटाची आठवण होऊन हात जोडतो, एवढेच. आम्हीही कित्येक वर्षे या स्टेशनावरून असेच पुढे गेलो. याच केडगावच्या माळरानावर एका मराठी विदुषीने दुष्काळात सापडलेल्या हजारो मुलींना आसरा दिला होता, हे ठाऊक असूनही कधी खाली उतरून पाहावे असे आम्हांस वाटले नाही. याचे कारण उघड आहे. आमच्या लहानपणी घरात पंडिता रमाबाईंचे नाव निघे ते जरा दबक्या आवाजात. त्यांच्या विद्वत्तेविषयी आदर असे, परंतु धर्मांतराचा उल्लेख आला की विषय तेथेच मिटे. पुढे त्यांचे चरित्र वाचनात आले तेव्हा त्या मिटलेल्या विषयाखाली केवढे आयुष्य झाकून गेले होते याची आम्हांस कल्पना आली.

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत रमाबाईंचे चरित्र यावे याला आणखीही एक कारण आहे. ही मराठी बाई महाराष्ट्रात जन्मली नाही, महाराष्ट्रात वाढली नाही, आणि वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत तिने महाराष्ट्रात घर म्हणून केले नाही. पश्चिम घाटातील गंगामूळ नावाच्या डोंगरावरील अरण्यात, जो भाग आज कर्नाटकात येतो तेथे, २३ एप्रिल १८५८ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मंगळूरकडे स्थायिक झालेल्या चित्पावन घराण्यातील गाढे संस्कृत पंडित. तरुणपणी ते पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशी शिकत होते. शास्त्रीबुवा पेशव्यांच्या वाड्यात राणीसाहेबांना संस्कृत शिकवावयास जात, ते पाहून आपणही आपल्या पत्नीस शिकवावयाचे असा निश्चय त्यांनी मनाशी केला. पहिल्या पत्नीच्या वेळी घरच्यांच्या विरोधामुळे तो तडीस गेला नाही. पुढे वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी गोदावरीच्या काठी यात्रेत भेटलेल्या एका ब्राह्मणाने आपली नऊ वर्षांची मुलगी त्यांना देऊ केली. तीच लक्ष्मीबाई, रमाबाईंची आई. आजच्या दृष्टीने हा विवाह पाहून आपल्या अंगावर काटा येतो. परंतु याच विवाहातून एका मुलीला देववाणीचे दार उघडले हेही तितकेच खरे. समाजाने गिल्ला केला. विद्वानांच्या सभेपुढे शास्त्रीबुवांना जाब द्यावा लागला. त्यांनी ग्रंथांचे आधार दाखवून तो दिला खरा, पण मग गावाचा नाद सोडून ते सरळ रानात जाऊन राहिले.

रानातला तो आश्रम विद्यार्थी आणि अतिथी यांनी इतका गजबजला की शास्त्रीबुवा कर्जात बुडाले. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना कुटुंबाने तीर्थाटनास प्रस्थान ठेवले. वेताच्या पेटाऱ्यात घालून, हमालाच्या डोक्यावरून ही तान्ही मुलगी डोंगर उतरली. तेव्हापासून पुढली सोळा-सतरा वर्षे बिऱ्हाड पाठीवरच होते. देवळात वा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगावयाचे, श्रोत्यांनी वाहिलेल्या धान्यदक्षिणेवर चरितार्थ चालवावयाचा, उरेल ते दानधर्मात घालावयाचे, आणि पुढल्या क्षेत्राची वाट धरावयाची. रमाबाईंना आईने शिकविले. पहाटेच्या वेळी, घरातील माणसे उठण्यापूर्वी, मुलीला मांडीवर घेऊन ती माउली संथा देई. हजारो श्लोक रमाबाईंना मुखोद्गत झाले. मराठी तर घरचीच होती. शिवाय प्रवासात कानडी, हिंदी, बंगाली या भाषाही त्यांनी आपल्याशा केल्या.

मग दक्षिणेत दुष्काळ आला. पुराणे ऐकावयास कोणी येईना. ज्यांच्या स्वतःच्या चुली विझल्या ते दक्षिणा कोठून देणार? मजुरी करण्याची सवय नाही, भीक मागण्याची लाज वाटते, अशा कोंडीत हे विद्वान कुटुंब अक्षरशः उपासमारीने संपत गेले. प्रथम वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. आईच्या वेळी खांदा देण्यास पुरेशी माणसे मिळेनात. दोघा ब्राह्मणांना दया आली, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथ्या खांदेकरी रमाबाई स्वतः. उंची कमी पडत असल्याने त्यांनी आईच्या तिरडीचा आपल्याकडील भार डोक्यावर घेतला, आणि तीन मैल चालून स्मशान गाठले. पुढे त्यांनी दुष्काळात जे काम केले त्याचे मूळ शोधू जाणाऱ्याने या तीन मैलांपलीकडे फारसे जाण्याचे कारण नाही असे आम्हांस वाटते.

उरलेली दोघे भावंडे पायी हिंडत राहिली. पंजाब, काश्मीर असा चार हजार मैलांहून अधिक प्रवास त्यांनी केला, आणि १८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली, आणि पंडिता व सरस्वती या पदव्या देऊन तिचा गौरव केला. बंगालभर त्यांची व्याख्याने झाली. परंतु ज्या शास्त्रांनी मान मिळवून दिला त्यांचेच अध्ययन करताना त्यांच्या मनात शंका येऊ लागल्या. स्त्री आणि शूद्र यांच्याविषयी ग्रंथाग्रंथांत मतभेद असले तरी या दोघांना मोक्षाच्या दारापासून लांब ठेवण्याच्या बाबतीत मात्र सर्वांचे एकमत, असे त्यांना दिसून आले.

१८८० साली ढाक्यास श्रीनिवासही वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात निराळी, प्रांत निराळा, भाषा निराळी. दोन्हीकडच्या समाजांनी पाठ फिरविली. आसामातील सिल्चर येथे त्यांनी संसार मांडला. पतीच्या पुस्तकसंग्रहात लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत त्यांच्या हाती लागली ती येथेच. एप्रिल १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली, आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने बिपिनबाबू गेले. संसार पुरती दोन वर्षेही टिकला नाही.

तेव्हा कोठे रमाबाई महाराष्ट्रात आल्या. मांडीवर मूल, अंगावर वैधव्य, आणि जिभेवर गीर्वाणवाणी. पुण्याच्या सुधारक मंडळींनी त्यांचे उत्साहाने स्वागत केले. रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसे पाठीशी उभी राहिली. आर्य महिला समाज स्थापन झाला. हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर यांची गरज ठासून मांडली. पुण्याला आपली सरस्वती सापडली होती. ती आपल्या देव्हाऱ्यात बसेल अशीच सर्वांची समजूत असावी.

सरस्वती बसली नाही. वैद्यकीचे शिक्षण घ्यावे म्हणून, स्त्रीधर्मनीति या आपल्या पुस्तकाच्या उत्पन्नातून जहाजाचे भाडे भरून, १८८३ साली रमाबाई विलायतेस गेल्या. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहिल्या. तेथील भगिनी लंडनच्या फुलम भागात वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रयगृह चालवीत. ज्या स्त्रियांना समाजाने उकिरड्यावर टाकले त्यांच्याशी या भगिनी मायेने वागतात, त्यांना पुन्हा उभे करतात, हे रमाबाईंनी पाहिले, आणि त्यांच्या मनाचा निर्णय झाला. वादविवादाने त्यांना जिंकणे कोणाला शक्य नव्हते. मात्र नीलकंठशास्त्री गोरे यांच्या लेखनाचाही आपल्या विचारांवर परिणाम झाला असे त्यांनी नमूद केले आहे, हे सांगितले पाहिजे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

बातमी पुण्यास पोहोचली तेव्हा काय झाले असेल ते सांगावयास नको. परंतु चरित्राचा जो भाग आपणांकडे फारसा सांगितला जात नाही तो पुढेच आहे. ख्रिस्ती झालेल्या रमाबाई ख्रिस्ती धर्माधिकाऱ्यांच्याही हाती लागल्या नाहीत. वाँटेजच्या जेराल्डीन भगिनी त्यांच्या धर्ममाता. बाईंचे प्रेम खरे, पण शिष्येने निमूटपणे ऐकावे ही अपेक्षाही तितकीच खरी. रमाबाई प्रत्येक गोष्टीचा आधार मागत. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांना सहजी पटेना. क्रुसावरील अक्षरे लॅटिनमध्येच का, संस्कृतात का नकोत, असा त्यांचा रोकडा सवाल. मांसाहार त्यांनी केला नाही. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवीत. तेथे पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याचा प्रश्न निघाला तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. देशोदेशींच्या सभांतून पुरुषांपुढे व्याख्याने दिलेल्या या बाईला तो आपल्या स्वातंत्र्यावरील घाला वाटला, आणि तसे त्यांनी स्पष्टपणे कळविलेही. एका धर्मपीठाचा अधिकार झुगारून दुसऱ्या धर्मपीठापुढे मान तुकविण्यासाठी आपण इतक्या दूर आलो नाही, हा त्या साऱ्या पत्रव्यवहाराचा मथितार्थ आहे. दरम्यान वाढत्या बहिरेपणामुळे डॉक्टर होण्याची आशा मात्र कायमची सुटली.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत गेल्या, आणि जवळजवळ तीन वर्षे तेथे राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १८८७ साली निघाला. गावोगाव व्याख्याने देऊन त्यांनी विधवागृहाची योजना मांडली, आणि बोस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे खर्च चालविण्याचे वचन दिले. या प्रवासाचे जे वर्णन त्यांनी मराठीत लिहिले ते आजही वाचनीय आहे.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीवर शारदा सदन उघडले. (आनंदीबाईंना डॉक्टरची पदवी मिळाली तो दिवसही ११ मार्चच, वर्ष १८८६.) सदनात प्रथम आलेली विधवा म्हणजे गोदूबाई. पुढे ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. महर्षींच्या कार्याचा आपण सार्थ अभिमान बाळगतो. त्यांच्या सहधर्मचारिणीला अक्षरओळख आणि आत्मविश्वास मिळाला तो रमाबाईंच्या छायेत, याचा उल्लेख मात्र भाषणांतून राहून जातो.

सदन १८९० च्या अखेरीस पुण्यास आले. तेथे धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, मुलींचे सोवळेओवळे पाळले जाईल, अशी अट होती, आणि स्वयंपाकाची व्यवस्था तशी होतीही. पण रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे, आणि काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसत. वृत्तपत्रांतून, विशेषतः केसरीतून, टीकेचा भडिमार झाला. १८९३ साली रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. या प्रकरणी टीकाकारांची बाजू अगदीच निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. पोरवयाच्या, निराश्रित मुलींवर आश्रयदात्रीच्या नुसत्या आचरणाचाही केवढा प्रभाव पडतो हे त्यांनी ओळखले होते. पण मुलींसाठी दार लावून घ्या म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या मुलींसाठी आपले दार उघडले होते, हाही प्रश्न विचारावयास हवा. त्याचे खरे उत्तर कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढून दिले. भांडून नव्हे, काम करून.

त्याच सुमारास मध्यप्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंच्या डोळ्यांपुढे पुन्हा ते जुने दिवस उभे राहिले. हाती पुरेसा पैसा नसताना त्या तिकडे धावल्या. मदतकेंद्रांवर एकट्यादुकट्या मुलींची काय दशा होते, त्यांना कोण कोठे घेऊन जातो, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. सरकारी नोकरीत मदतकार्याचे कागद आम्हीही हाताळले आहेत. कागदावर माणसांची संख्या येते, शिधा येतो, खर्चाचा तपशील येतो. रात्री मुलगी कोणाच्या ताब्यात होती याचा रकाना त्यात नसतो. रमाबाईंनी तोच रकाना पाहिला. सुमारे तीनशे मुली त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगची साथ चालू असल्याने अधिकाऱ्यांनी इतक्या मुली शहरात ठेवण्यास मनाई केली. सदनाला स्वतःचे उत्पन्न व्हावे म्हणून केडगावास फळबागेसाठी जमीन घेऊन ठेवली होती. त्या उघड्या माळावर झोपड्या उभारून मुलींना नेण्यात आले. तेच मुक्ती सदन.

याच प्लेगच्या दिवसांत, १८९७ साली, सरकारी रुग्णालयांत आणि विलगीकरणाच्या छावण्यांत स्त्रियांची जी अब्रूहानी होत होती तिच्याविरुद्ध रमाबाईंनी मुंबईच्या एका ख्रिस्ती इंग्रजी पत्रात जाहीरपणे लिहिले. गव्हर्नरसाहेबांना ते मुळीच रुचले नाही. गोऱ्यांचा धर्म घेतला म्हणजे गोऱ्यांचे राज्यही गोड वाटू लागले, असे या बाईंच्या बाबतीत झाले नाही.

पुढे गुजरातेत छप्पनिया दुष्काळ पडला. १९०० साली मुक्ती सदनातील मुली व स्त्रिया यांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजार माणसांचा रोजचा स्वयंपाक, पाणी, कपडे, औषध, शाळा ही काय गोष्ट आहे ते घर चालविणाऱ्या भगिनींना अधिक समजेल. कोरडवाहू माळ, प्रथम विहिरी खोदाव्या लागल्या. मग शेती, गाईगुरे, तेलाचा घाणा, हातमाग, शिवण, रंगकाम, आणि छापखाना. खिळे जुळविणाऱ्या मुली, यंत्र चालविणाऱ्या मुली, पुस्तके बांधणाऱ्याही मुलीच. थोरल्या मुलींनी धाकट्यांना शिकवावयाचे आणि सांभाळावयाचे. आंधळ्या मुलींसाठी स्पर्शाने वाचावयाच्या लिपीचे वर्ग मनोरमाबाईंनी चालविले. फसविलेल्या, टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निराळे होते. फुलम येथे जे पाहिले ते केडगावच्या मातीत रुजले ते असे.

मुक्ती सदन मात्र उघडउघड ख्रिस्ती होते. अमेरिकेतील असोसिएशनचा दहा वर्षांचा करार १८९८ साली संपला होता आणि त्याबरोबर ती जुनी अटही. दुष्काळातून आलेल्या मुली मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाल्या. भुकेच्या वेळी मिळालेला घास आणि श्रद्धा यांची गाठ जेथे पडते तेथे मनात किंतु उभा राहतो. आमच्याही मनात तो आहे आणि तो आम्ही लपवीत नाही. पण ज्या झाडाखालून रमाबाईंनी त्या मुली उचलल्या त्या झाडाखाली दुसरे कोणी आले नव्हते, ही वस्तुस्थितीही आम्हांस पुसता येत नाही.

रमाबाईंचे स्वतःचे राहणे पाहिले तर विधवेचे पांढरे लुगडे, आखूड कापलेले केस, शाकाहार, अहोरात्र काम. स्वतःच्या नावावर काही साठविलेले नाही. कोणत्याही एका ख्रिस्ती पंथाचा शिक्का त्यांनी संस्थेवर बसू दिला नाही. पुण्याच्या सनातन्यांना त्या बाटलेल्या वाटत, सुधारकांना हातच्या गेलेल्या, विलायती भगिनींना हट्टी, आणि सरकारला अडचणीच्या. १९१९ साली सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. त्याने त्यांच्या दिनक्रमात फरक पडल्याचे दिसत नाही.

अखेरच्या काळात त्यांनी एक काम शिरावर घेतले होते. मराठीत बायबल होते, पण त्याची भाषा केडगावच्या शेतात राबणाऱ्या बायकांना कळेल अशी नव्हती. तेव्हा रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास केला आणि साध्या मराठीत नवे भाषांतर आरंभिले. ज्या बाईला संस्कृत मराठीइतकेच सहज होते तिने संस्कृत शब्द वेचून बाजूस काढावेत आणि कुणब्यांच्या घरातला शब्द शोधावा, यात केवढा संयम आहे! एका तपाहून अधिक काळ हे काम चालले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. वय अवघे चाळीस. आईचा उजवा हात आणि संस्थेची भावी आशा. बाप, आई, बहीण, भाऊ, पती यांच्यामागून आता लेकही गेली. रमाबाई पुन्हा मुद्रिते तपासावयास बसल्या.

भाषांतराचे शेवटचे काम हातावेगळे झाल्यावर थोड्याच दिवसांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगावास त्यांनी देह ठेवला. चौसष्टावे वर्ष पुरे होण्यास काही दिवस उरले होते. भारत सरकारच्या टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले ते १९८९ साली. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले. त्याचे खिळे मुक्ती सदनातील मुलींनी जुळविले होते, आणि छपाईही त्यांनीच केली होती.